पाटाएवढी जागा

वाचकांची पत्रं, चित्रकलेच्या बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रोज थोडं चित्र, थोडं गाणं, थोडं लिहिणं असं काही स्वतःसाठी करू बघणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात. पत्रं पुष्कळ आली. बहुतेकांची तक्रार वेळेची आहे, पण प्रत्येकाचं घोडं निराळ्याच ठिकाणी अडलंय. पाच पत्रं निवडली. माझा विषय चित्रकला. गाण्याच्या प्रश्नाला माझ्या नणंदेला विचारून उत्तर दिलं आहे.

डोंबिवलीहून एक वाचक लिहितात:

बाई, नमस्कार. माझं वय 41. फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाचं काम करते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही परीक्षांत मला ‘अ’ श्रेणी होती. घरातून सव्वासातला निघते, परत यायला पावणेआठ होतात. घरी दोन मुलं आणि सासूबाई आहेत. गेल्या दिवाळीत बोनसमधून साडेतीन हजारांचं सामान आणलं. रंग, ब्रश, जाड कागद, घडीचा स्टँडसुद्धा. वर्षभरात तीनदा उघडलं असेल. खराब होऊ नये म्हणून माळ्यावर ठेवलंय. रविवारी बसायचं ठरवते आणि रविवार धुण्यात आणि मुलांच्या अभ्यासात जातो. मला वाटतं माझ्यात चिकाटीच नाही. नोकरी आहे म्हणून सगळं राहून गेलं. काय करू?

उत्तर:

तुमच्या पत्रातलं माळ्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. चिकाटीचं नंतर बोलू, आधी ते सामान खाली काढा. ज्या वस्तूसाठी स्टूल आणावं लागतं, ती वस्तू थकलेलं माणूस काढत नाही. तुम्ही नाही काढलीत यात तुमचा काही दोष नाही.

मी 1986 साली लग्न होऊन परळच्या चाळीत आले. खोली 10 बाय 12 फुटांची आणि माणसं सहा. ज्या जमिनीवर दुपारी पानं मांडायची त्याच जमिनीवर रात्री अंथरुणं. ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून मी नुकतीच शाळेत लागले होते. दिवसभर फळ्यावर खडूने आंबे आणि कंदील काढायचे, आणि घरी आल्यावर स्वतःचं म्हणून एक रेघ नाही. पहिली दोन वर्षं अशीच गेली. अधूनमधून हुक्की यायची. मग ट्रंक ओढायची, त्यातून कागद काढायचा, पाण्याला वाटी शोधायची. मांडामांड होईपर्यंत कुणीतरी जेवायला यायचं आणि सगळं परत ट्रंकेत.

एकदा सासूबाई म्हणाल्या, “अगं, रोज काय हे मांडायचं आणि आवरायचं? माझ्या पाटावर राहू दे सगळं. पाट सरकव कपाटाखाली.”

त्यांच्या लग्नातला सागवानी पाट होता तो, एका कडेला थोडा चिरलेला. खाली दोन आडव्या पट्ट्या. मांडी घालून बसलं आणि पाटाची एक कड मांडीवर घेतली की आपोआप उतार मिळायचा, ड्रॉइंग बोर्डाला असतो तसा. वर कागद लावला, कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे त्याला मारले. 2बी पेन्सिलीला दोरा बांधून तो पाटाच्या पट्टीला अडकवला, कारण घरातल्या मुलांना पेन्सिल दिसली की ती गायब. असा सजवलेला पाट कपाटाखाली सरकवायचा आणि हवा तेव्हा ओढायचा. ओढला की चित्र सुरू. मध्ये कुठलीच तयारी नाही. मुख्य म्हणजे कालचं चित्र अर्धंच असायचं. तांब्याचा गळा झालेला, पोट राहिलेलं. अर्धी रेघ बघितली की हात आपोआप तिथे जातो, कोऱ्या कागदाला मात्र माणूस बिचकतं. म्हणून मी मुद्दाम चित्र पुरं होण्याआधी थांबायला शिकले. गेली 38 वर्षं माझं हेच चाललंय. आता घर मोठं आहे, टेबल आहे, तरी पाट आहेच.

वेळ किती? कुकर लावल्यापासून तिसरी शिट्टी होईपर्यंत. सासूबाई शिट्ट्या मोजायच्या आणि मला उठवायच्या. दहा-बारा मिनिटं झाली. रोज बारा मिनिटं म्हणजे आठवड्याला 84, जवळजवळ दीड तास. तुमच्या हातून निसटणाऱ्या रविवारात तेवढा दीड तास सलग कधी मिळाला होता का, आठवून बघा. रविवारवर विसंबू नका. घरातल्या बाईचा रविवार हा सहा दिवसांच्या तुंबलेल्या कामाचा दिवस असतो, त्यावर चित्राचं ओझं टाकलं की चित्र हेही एक राहिलेलं काम होऊन बसतं.

पाट नसेल तर पोळपाटाएवढी एखादी फळी घ्या. स्टँडची घडी तूर्त तशीच राहू दे. महागाचे रंगही पहिले दोन महिने नकोत.

आता काय काढायचं. घरातला एक तांब्या घ्या आणि सात दिवस तोच काढा. हसू नका. इंटरमीजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेल्या मुलीसुद्धा वीस वर्षांनी तांब्या काढायला बसल्या की तोंडाचं लंबवर्तुळ दोन्ही टोकांना बदामासारखं टोकदार करतात. लंबवर्तुळाला टोक नसतं, कड वळतच राहते. आणि बूड बहुतेकजणी सरळ रेघेने बंद करतात, कारण तांब्या जमिनीवर सपाट टेकलेला आहे हे आपल्याला माहीत असतं. डोळ्याला मात्र सपाट काही दिसत नाही. तुम्ही बसलेल्या आहात, तांब्या समोर खाली आहे, तेव्हा डोळ्याच्या पातळीपासून बूड तोंडापेक्षा जास्त खाली. जितकं खाली तितकं वर्तुळ जास्त उघडं दिसतं. म्हणजे बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक गोल यायला हवी. पहिल्या दिवशी नुसतं तोंड काढा. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या मधोमध एक उभी फिकट रेघ घालून दोन्ही बाजू जुळतात का बघा. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला पोचा दिसायला लागेल, जो इतकी वर्षं हातात धरूनही दिसला नव्हता. तो दिसला की मला कळवा.

राहिला गाडीचा वेळ. जाऊन-येऊन अडीच तास असतील. डोंबिवलीच्या गर्दीत वही काढता येत नाही हे मला ठाऊक आहे, तिथे हात वर गेला तर खाली येत नाही. पण परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर आठवतोय ना? गाडीत फक्त बघायचं आणि घरी पाटावर काढायचं. तेही सगळा डबा बघायचा नाही, एकच गोष्ट. समोरच्या बाईचा वरची कडी धरलेला हात घ्या. मनात तीन गोष्टी बोला: कोपर खांद्याच्या वर आहे की खाली, अंगठा कडीच्या आतून आहे की बाहेरून, बाहीची चुणी कुठून सुटते आणि कुठे विरते. शब्दात बोललं की लक्षात राहतं, नुसतं टक लावून बघितलं तर ठाण्यापर्यंत पुसून जातं. संध्याकाळी त्या तीन गोष्टी कागदावर उतरवा. बाकीचा हात नाही आठवला तर कोरा सोडा, आठवणीच्या जागी कल्पना भरू नका. दुसऱ्या दिवशी गाडीत नेमकं तेच बघायला डोळे जातील जे काल कोरं राहिलं होतं. मी शाळेतल्या मुलांकडून हे वर्षानुवर्षं करून घेतलं आहे. चौथ्या आठवड्याला त्यांच्या चित्रातल्या माणसांना मनगटं यायला लागायची.

नोकरी आहे म्हणून राहून गेलं, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. प्रभाकर बरवे आपल्याकडचे केवढे मोठे चित्रकार. त्यांनी कितीतरी वर्षं विणकर सेवा केंद्रात सरकारी नोकरी केली, आणि त्याच काळात ते वह्यांमधून टिपणं, रेखाटनं, विचार नोंदवत राहिले. त्यांच्या चित्रांइतक्याच या वह्याही आज जाणकार जपून बघतात. तुमची तुलना कुणाशी करत नाही, वहीचं महत्त्व सांगतेय. कचेरीतल्या खणात एक छोटी वही असू द्या. जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटं तिची.

सासूबाईंना चित्र दाखवत जा. रोज नको, आठवड्यातून एकदा. घरातल्या एका माणसाला माहीत असलं की ते माणूस तुमची बारा मिनिटं राखतं.

मुलुंडहून एक वाचक:

बाई, पावसाळ्यात जलरंगाचे कागद खराब होतात, रंगाच्या वड्यांवर पांढरी बुरशी धरते. काय करावं?

उत्तर:

मुंबईत चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे हे सगळ्यांच्याच घरी होतं. जलरंगाच्या कागदाला खळीसारखा एक थर दिलेला असतो, त्यामुळे पाणी लगेच आत न शिरता वर थांबतं. ओलीने आणि बुरशीने तोच थर खराब होतो. मग रंग लावला की टिपकागदावर शाई पसरावी तसे डाग पडतात. असा कागद परत सुधारत नाही, तो पेन्सिलीच्या सरावाला वापरा. चांगला कागद बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आत बुटांच्या खोक्यातून येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. मे महिन्यातच बांधा, जूनमध्ये बांधलात तर ओलही आतच बांधली जाईल. वड्यांचं झाकण ओल्यावर कधीच लावायचं नाही, पंख्याखाली रात्रभर उघड्या राहू द्या. बुरशी धरलीच तर ओल्या कापडाने वरचा थर पुसून काढा, खालचा रंग बहुधा चांगला असतो. पाण्याच्या वाटीत लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब टाकायची जुन्या लोकांची पद्धत आहे, मीही टाकते.

आणि जुलैत रंग वाळायला वेळ लागतो म्हणून कुरकुर करू नका. ओल्यात ओला रंग सोडण्याचं काम मला जुलैतच उत्तम साधतं. मे महिन्यात कागद दोन मिनिटांत कोरडा होतो, हात फिरवायलाही सवड मिळत नाही.

विरारहून एक तरुण वाचक:

बाई, मी 23 वर्षांचा आहे. मालाडला एका दुकानात विक्रेता आहे. दीड वर्षापासून बोरूने आणि कट निबने देवनागरी अक्षरं काढतो. रोज एक अक्षर इन्स्टाग्रामवर टाकतो. सुरुवातीला दोनशे लाइक यायचे, आता पंधरा-वीस. परवा एका अक्षराला चारच आले. तेव्हापासून बोरू हातात घेतला नाही. कुणी बघतच नसेल तर काढायचं कशाला? सोबत तीन अक्षरांचे फोटो पाठवतोय.

उत्तर:

अरे, तुझे फोटो मी मोठे करून बघितले. ‘क्ष’ छान आहे. गाठ सुटसुटीत आहे, शेवटचा दंड न घाबरता खाली आणलास. ‘ळ’ बघ. डावा गोल आणि उजवा गोल यांची जाडी वेगळी आहे. उजव्या गोलाला येईपर्यंत तुझं मनगट फिरलं आणि बोरूचा कोन बदलला. कोन एकच धरला तर जाड-बारीक आपोआप जागच्या जागी येतं, ते वेगळं काढावं लागत नाही. हे तुला त्या चार लाइक देणाऱ्यांनी सांगितलं नाही, आणि दोनशे जणांनीही सांगितलं नव्हतं. हे तुझ्याच ‘ळ’ने सांगितलं असतं. पण अक्षर वाळायच्या आधी फोटो काढून तू मोबाइलकडे बघत बसलास.

तुझं दुखणं मी हलकं समजत नाही. 1994 साली मी एका मोठ्या प्रदर्शनासाठी दोन जलरंगचित्रं पाठवली होती. त्यासाठी पगारातून पैसे बाजूला काढून चौकटी करून घेतल्या होत्या. दोन्ही नापसंत होऊन परत आली. एकाच्या मागच्या बाजूला चहाच्या कपाचा गोल डाग होता, म्हणजे कुणीतरी ते उलटं ठेवून त्यावर कप ठेवला होता. नापसंतीपेक्षा तो डाग मला लागला. मी 11 महिने पाट कपाटाखालून काढला नाही. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मी वेळ नाही म्हणाले.

मग एकदा सातवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही घरी पण चित्र काढता?” मी पटकन हो म्हटलं. खोटं बोलले. ती म्हणाली, “मग दाखवा ना उद्या.” त्या संध्याकाळी पाट ओढला तर त्यावर 11 महिन्यांची धूळ, आणि कागदावर एक अर्धवट कंदील. त्याची काच तेवढी राहिली होती. ती मी पुरी केली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीला दाखवली. ती बराच वेळ बघून म्हणाली, “काचेच्या मागची तार पण दिसतेय.” आजपर्यंत माझ्या चित्राबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही.

म्हणून तुला सांगते, 30 दिवस कुणालाही काही दाखवू नकोस. दाखवण्यात वाईट काही नाही, पण रोजच्या रोज दाखवायला लागलं की आपण लोकांना आवडेल तेच अक्षर निवडायला लागतो. तू ‘श्री’ आणि ‘ॐ’ किती वेळा टाकलेस ते मोज. महिनाभर एकच अक्षर घे. माझं ऐकशील तर ‘ळ’च घे, दुसऱ्या कुठल्या अक्षरात हाताची इतकी कसोटी लागत नाही. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घाल आणि साध्या फाइलीत लाव. तिसाव्या दिवशी सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडून उभा राहून बघ. त्यातले दोन तुला स्वतःला पटतील. ते टाक इन्स्टाग्रामवर. चार लाइक आले तरी त्या दिवशी तुला झोप लागेल, कारण मागे 28 कागद तुझे एकट्याचे असतील.

आणि बघणारा एक माणूस शोध, ज्याला अक्षरातलं कळतं. विरार-वसईत दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारे जुने पेंटर अजून सापडतील. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन त्यांच्याजवळ बस. सपाट ब्रशने ते ‘ळ’ कसा फिरवतात ते बघ आणि मला लिहून पाठव.

बोरिवलीहून एक वाचक:

बाई, मी 48 वर्षांची आहे. 1996 साली गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण झाले, मग सगळं सुटलं. आता पुन्हा सुरू करायचं आहे. सकाळी साडेपाचला तंबोरा लावला तर खालच्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली. शिवाय आवाजही पूर्वीसारखा लागत नाही, वरच्या षड्जाला फाटतो.

उत्तर:

माझी नणंद 30 वर्षं गाणं शिकवते आहे. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, पट्टी उतरवायला सांग. तेव्हा काळी पाचमध्ये गात असाल तर आज काळी चार किंवा त्याखाली यावं लागेल, त्यात कमीपणा नाही, आवाज वयाबरोबर खाली येतोच. वरचा सा तूर्त विसरा. तीन महिने मंद्र सप्तकात खर्ज भरा, म्हणजे खालचे सूर संथ, लांब लावा. खर्जाला मोठा आवाज लागत नाही, उलट दाबून मोठा केला तर तो बिघडतो. दार लावून बसलात तर शेजारच्या खोलीतही फारसा जाणार नाही. तंबोऱ्याचं अ‍ॅप मोबाइलच्या स्पीकरवर नको, एका कानात इअरफोन घाला आणि दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवा. खर्जानंतर पाच मिनिटं भैरव. नुसते कोमल रिषभ आणि कोमल धैवत, आंदोलन देत, घाई न करता. एवढाच रियाज.

काकांबद्दल माझं मत. तुमच्या इमारतीत पाणी किती वाजता येतं? बहुतेक ठिकाणी पहाटे. पाणी आलं की पंप चालू होतो, बादल्या भरतात, सगळी बिल्डिंग तशीही जागी असते. तुमची पंधरा मिनिटं त्या वेळात बसवा. आणि एकदा काकांना घरी जाऊन सांगा की अमुक वेळ ते अमुक वेळ मी गाणार आहे, तुम्हाला त्रास झाला तर बेल वाजवा. न सांगता आलेला आवाज माणसाला खुपतो. वेळ सांगून आलेला तोच आवाज त्याला चालतो, हे चाळीत राहिलेल्यांना पक्कं माहीत आहे.

लालबागहून एक वाचक (पत्र नातीने लिहिलं आहे):

बाई, माझ्या आजीचं वय 69. ती चौथी शिकली आहे. आजोबा गिरणीत होते, 1982 च्या संपात त्यांची नोकरी गेली. आजी पोळ्या लाटताना मनातल्या मनात ओव्या रचते. तिची आईही जात्यावर म्हणायची. दुपारपर्यंत आजी त्या विसरते. मी लिही म्हटलं तर म्हणते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही, आणि ही काय कविता आहे का. तिला विचारून एक इथे लिहिते:

गिरणीचा बाई भोंगा, मुका झाला गं कवाचा
धनी माझा जागा होतो, ठोका पडता पाचाचा

आजीने विचारलंय की याला कविता म्हणायचं का, आणि वृत्त वगैरे शिकावं लागेल का.

उत्तर:

हे उत्तर आजींना मोठ्याने वाचून दाखव.

आजी, नमस्कार. तुमची ओवी मी सकाळपासून म्हणतेय. वृत्ताचं विचारलंत म्हणून बोटांवर मोजून बघितलं. गि-र-णी-चा-बा-ई-भों-गा, आठ. मु-का-झा-ला-गं-क-वा-चा, आठ. खालच्या ओळीतही आठ आणि आठ. एकही अक्षर जास्त नाही, कमी नाही. तुम्ही मोजलं नव्हतंत, लाटण्याच्या हाताने मोजलं. आणखी काय शिकणार?

परळमध्ये एवढी वर्षं काढल्यावर मला ‘मुका’ हा शब्द किती खरा आहे ते कळतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या चाळीतले कितीतरी पुरुष असेच पाचला उठून गॅलरीत बसायचे. कुठे जायचं नसायचं. हे त्यांचं पाचला उठणं तुम्ही दोन ओळींत धरून ठेवलंत. तुम्ही लिहिलं नाहीत तर ते कुणाकडेच राहणार नाही.

कविता म्हणायचं का विचारता. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या रचायच्या, आणि घरातल्या मुलामाणसांनी ते वहीत उतरवून घेतलं. 1951 साली त्या गेल्या. मग मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. वहीत उतरवणारं कुणी नसतं तर आज आपल्याकडे त्यातलं काहीच नसतं. आणि नावानिशी कुणाला माहीत नसलेल्या बायकांच्या ओव्यांचं सांगायचं तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. म्हणणाऱ्या बायका तुमच्या आईसारख्याच होत्या.

शुद्धलेखनाची काळजी सोडा. तुम्ही ‘कवाचा’ म्हणता, नात लिहिताना ‘केव्हाचा’ करायला जाईल. तसं करू देऊ नका, ‘केव्हाचा’ घातलं की अर्थ तोच राहतो पण चाळ निघून जाते. बाळ, हे तुझ्यासाठीही आहे. आजी जसं म्हणेल तसंच लिहायचं, आणि एखादा शब्द कळला नाही तर समासात खूण करून संध्याकाळी विचारायचा.

आता विसरण्याचं. वही पोळपाटाजवळ ठेवली तरी पिठाच्या हाताने लिहिता येणार नाही. तेव्हा बाळ, कॉलेजला निघण्याआधी एवढं करत जा. आजी लाटायला बसल्या की मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो डब्यांच्या फळीवर उभा ठेव. आजींनी त्याच्याकडे बघायचं नाही, मनातल्या मनात म्हणायचं ते जरा ओठात आणायचं, एवढंच. तासभरात एखादी ओवी मिळेल, काही दिवशी एकही नाही. रात्री दोघींनी मिळून ऐका आणि वहीत उतरवा. वर तारीख आणि त्या दिवशी काय शिजलं होतं तेही लिहा, पुढे ओवी कशावरून सुचली ते त्यावरून आठवतं.

रेकॉर्डिंगमध्ये लाटण्याचा आणि तव्याचा आवाज येईल. येऊ दे, पुसून काढू नकोस. त्या ठेक्यावरच आजींची आठ अक्षरं बसतात.